जुने शब्द, नवे अर्थ

मुलांनो, वर्तमानपत्रात मंत्री, सचिव, विधेयक, अध्यादेश असे शब्द रोज तुमच्या दृष्टीस पडतात. ह्यांतील काही शब्द साडेतीनशे वर्षांपूर्वीही आपल्या राज्यकारभारात रूढ होते. परंतु त्यांचा आजचा अर्थ अगदी निराळा आहे. तो का बदलला, हे उमगले म्हणजे आपले राज्य कसे चालते, हेही उमगेल.

शिवाजी महाराजांच्या काळी दरबारी भाषेत फारसी शब्दांचा मोठा भरणा होता. इ. स. १६७४ मध्ये महाराजांना रायगडावर राज्याभिषेक झाला. त्या वेळी त्यांनी अष्टप्रधानांना संस्कृत नावे दिली. मुजुमदारास अमात्य, सुरनिसास सचिव आणि वाकनिसास मंत्री म्हणू लागले. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोशही महाराजांनी तयार करविला. तरी लोकांच्या जिभेवर रुळलेले सारे शब्द गेले नाहीत. सरकार, जिल्हा, तालुका, अर्ज, कायदा हे शब्द आजही आपलेच आहेत.

त्या काळचा मंत्री राजाची दिनचर्या लिहून ठेवी, तर सचिव राजपत्रे तपासून शुद्ध करी. दोघांना नेमणारा राजाच आणि दोघांना जाब विचारणाराही राजाच.

२६ जानेवारी १९५० रोजी भारत प्रजासत्ताक झाला. प्रजासत्ताक म्हणजे जेथे प्रजेच्या हाती सत्ता आहे, असे राज्य. सत्तेचा उगम बदलला, तसे शब्दांचे अर्थही पालटले. आज राज्याचा मंत्री विधिमंडळाचा सभासद असावा लागतो. नसल्यास सहा महिन्यांच्या आत त्याला सभासद व्हावे लागते. मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असते. सभेचा विश्वास उडाला, तर त्याला अधिकार सोडावा लागतो. सचिव मात्र निवडून येत नाही. तो नियमांप्रमाणे नेमलेला अधिकारी असतो. मंत्री बदलले, तरी सचिवाचे काम चालूच राहते. म्हणूनच ‘सरकार पडले’ असे आपण वाचतो, त्या दिवशीही शाळा भरतात आणि दवाखाने उघडे असतात. सरकार बदलते, राज्य कायम राहते.

आता विधेयक आणि अधिनियम ह्यांतील भेद पाहू. विधेयक म्हणजे कायद्याचा मसुदा. महाराष्ट्रात विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ सभासद असतात. विधेयकावर ह्या सभागृहांत चर्चा होते. ते संमत होऊन त्याला राज्यपालांची संमती मिळाली, की त्याचा अधिनियम, म्हणजे कायदा होतो. सभागृहांची बैठक चालू नसताना तातडीची गरज पडल्यास राज्यपाल अध्यादेश काढतात. बैठक पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही, तर तो आपोआप रद्द होतो.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. समजा, शेतीच्या पाण्याविषयी एखादे विधेयक विधानसभेत आले. ते संमत होण्यापूर्वी शेतकऱ्याला आपली अडचण आपल्या आमदाराच्या कानी घालता येते. पण त्याने विधेयकालाच कायदा समजून ‘आता काय उपयोग!’ असे म्हटले, तर त्याची अडचण सभागृहापर्यंत पोहोचतच नाही.

शेवटी ‘मत’ हा छोटा शब्द घेऊ. मत म्हणजे आपला विचार. निवडणुकीत आपण देतो, तेही मतच. आपल्या भाषेने दोहोंना एकच शब्द योजला आहे. विचार केल्यावाचून दिलेले मत हे खरे मत नव्हे. १९८९ पासून आपल्या देशात १८ वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकास मतदानाचा अधिकार आहे. तुम्हांला त्यासाठी काही वर्षे थांबावे लागेल. परंतु नीट वाचण्याचा, शब्दांचा अर्थ विचारण्याचा आणि आपले मत बनविण्याचा अभ्यास आजपासूनच करता येईल.

स्वाध्याय

१. शिवकालीन मंत्री व आजचा मंत्री ह्यांत कोणता फरक आहे?
२. भेद स्पष्ट करा : (अ) विधेयक – अधिनियम (आ) राज्य – सरकार.
३. ‘मत’ हा शब्द दोन्ही अर्थांनी योजून दोन वाक्ये लिहा.
४. आजच्या वर्तमानपत्रातून राज्यकारभाराविषयीचे पाच शब्द निवडा व त्यांचे अर्थ वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.