जुन्या मॅटॅडोरच्या खिडक्या : एक अभ्यास

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या खिडक्यांवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु गेल्या दोन वर्षांत परिव्ययलेखनाच्या तासाला जे शिकलो, त्यातले निम्मे मला आमच्या मॅटॅडोरच्या खिडकीत हात घातल्यावर कळले, म्हणून हे धाडस.

आमच्या घरी १९९६ सालची एक मॅटॅडोर आहे. ती आजोबांनी २००३ मध्ये जुनीच विकत घेतली. मागची बाके काढून त्यांनी सुताराकडून दोन्ही बाजूंना झोपायच्या फळ्या करून घेतल्या, खाली भांडी व स्टोव्ह ठेवायचा कप्पा केला. परदेशात अशा गाडीला कॅम्पर म्हणतात. आमच्या गल्लीत तिला ‘यात्रेची गाडी’ म्हणतात. सौंदत्तीची यल्लम्मा आणि आषाढीचे पंढरपूर या तिच्या ठरलेल्या फेऱ्या. आजीचे गुडघे गेल्यापासून एसटीत रात्रभर बसणे तिला शक्य नाही. उजवीकडची फळी तिची.

२०२३ च्या पावसाळ्यात खिडक्या गळू लागल्या. आजीचे अंथरूण भिजले, फळी फुगली, दोन खिडक्यांखालचा पत्रा बोट घातले तर आत जाईल इतका सडला. नव्या खिडक्या बसवण्याचा अंदाज एका बॉडीवाल्याने ४२,००० रुपये दिला. भंगारवाला अख्ख्या गाडीचे ३८,००० देत होता. काकांनी त्याच्याकडून २,००० रुपये इसार घेतला. आजी काही बोलली नाही, पण त्या दिवशी जेवलीही नाही. मी काकांना म्हणालो, “मला पंधरा दिवस द्या. खर्च वीस हजारांच्या आत बसला नाही तर खुशाल विका.” काका म्हणाले, “तू कॉमर्सचा. तुला स्क्रू तरी पिळता येतो काय रे?” प्रश्न रास्त होता.

पहिले आठ दिवस मी चुकीची वस्तू शोधण्यात घालवले. मॅटॅडोर बजाज टेम्पोने जर्मनीच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने १९६९ साली भारतात आणली. २००५ पासून त्या कंपनीचे नाव फोर्स मोटर्स आहे. गाडीचे उत्पादन थांबूनही दोन दशकांहून अधिक काळ लोटला. ऑटोनगर, खडेबाजार, फोर्ट रोड सगळीकडे विचारून झाले. इंजिनाचे सामान मिळते, ब्रेकचे मिळते. खिडकी म्हटले की माना हलतात. एका कानडी म्होरक्या मिस्त्रीने तर मी तोंड उघडण्याआधीच “आगल्ल” म्हणून हात झाडले.

त्यानेच शेवटी कोडे सोडवले. गाडीभोवती एक चक्कर मारून तो हसला. या खिडक्या कंपनीच्या नव्हेतच, असे त्याचे म्हणणे. गाडीची मागची बॉडी कोणा बॉडीवाल्याने बांधलेली. त्याने त्या काळी बसला लागणारे अ‍ॅल्युमिनियमचे सेक्शन आणि काच वापरलेली. म्हणजे मी ज्या भागाचा नंबर शोधत होतो तो नंबर कधी पडलाच नव्हता. मॅटॅडोरच्या दुकानांऐवजी बसच्या सामानाच्या दुकानांत जायला हवे होते. निघताना तो म्हणाला, “अळति तोगोंड बा.” माप घेऊन ये.

हा मुद्दा थोडा विस्ताराने सांगतो. जर्मनीच्या फोक्सवॅगन व्हॅनचे उत्पादन १९५० साली सुरू झाले. त्या जुन्या गाड्यांची खिडक्यांची रबरे आजही नवी करून विकली जातात. मग आमच्या मॅटॅडोरची का नाहीत? रबराची पट्टी काढायला विशिष्ट आकाराचा साचा लागतो. साच्याचा खर्च स्थिर : दहा मीटर काढा नाहीतर दहा हजार मीटर काढा, तो तेवढाच. गिऱ्हाइके पुष्कळ असली की तो मीटरमागे पैशांत वाटला जातो. गिऱ्हाईक एकच असले की सगळा त्याच्या डोक्यावर बसतो. जगभर जपल्या जाणाऱ्या गाडीला तो परवडतो, प्रत्येक बॉडीवाल्याने आपल्या मापाने बांधलेल्या गाडीला नाही. तेव्हा आमच्यापुढे मार्ग एकच होता : बाजारात जे आकार भरपूर खपतात त्यांतला जवळचा निवडायचा आणि बाकीची खिडकी त्याच्या मापाला आणायची.

खिडक्या सहा, प्रत्येकीत सरकत्या दोन काचा. अ‍ॅल्युमिनियमची चौकट स्क्रूने पत्र्याला बसवलेली, मध्ये रबराची चपटी पट्टी. चौकटीच्या खाचेत मखमलीसारखे अस्तर असलेले चॅनेल, आणि त्यात काच सरकते. मागच्या दारांना दोन पक्क्या काचा, इंग्रजी एच अक्षराच्या छेदाच्या रबरात धरलेल्या : एका खाचेत काच, दुसऱ्या खाचेत पत्रा.

पहिली चौकट सोडवली तेव्हा गळतीचे खरे कारण हाती आले. सरकत्या खिडकीच्या खालच्या खाचेत पाणी येणारच. ते बाहेर जावे म्हणून खाचेला बाहेरच्या अंगाने लहान भोके असतात. आमची भोके मातीने बुजली होती. त्यावर पूर्वी कोणीतरी गळती थांबवण्यासाठी बाहेरून सिलिकॉनची जाड रेघ ओढलेली! पाण्याची बाहेरची वाट बंद, म्हणून ते आतल्या काठावरून आजीच्या अंथरुणात. काका म्हणाले, “म्हणजे दुरुस्ती करूनच बिघडवली की रं!” ती दुरुस्ती कोणाची होती हे काकांना चांगले ठाऊक असावे, कारण नंतर ते बराच वेळ गप्प होते.

आता सामान. जुनी काच ४ मिलिमीटर जाडीची. त्या जाडीचे चॅनेल बेळगावात मिळाले नाही. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरच्या बाजूला दोन फेऱ्या झाल्या. तिथेही बसचे ५ मिलिमीटर काचेचेच चॅनेल सर्रास. त्यात ४ ची काच घातली तर ती खडखडणार. दोन दिवस मी ४ च्या चॅनेलसाठी हट्ट धरला. मग लक्षात आले, की काचा नव्याने करून घ्यायच्याच आहेत. मग चॅनेल काचेसारखे शोधण्यापेक्षा काच चॅनेलसारखी का नको? ५ मिलिमीटर काचेचे वजन चौरस मीटरला १२.५ किलो, ४ चे १० किलो. बारा काचांत मिळून फरक सुमारे ६ किलो. आजीच्या पुरणाच्या डब्यांपुढे हा काहीच नाही. नवे चॅनेल बाहेरून किंचित रुंद होते, पण चौकटीच्या खाचेतली माती, सिलिकॉन आणि रंगाचे थर खरवडल्यावर ते चेपून बसले.

एका मित्राने अ‍ॅक्रिलिकचा सल्ला दिला. युरोपातल्या कॅम्पर गाड्यांना अ‍ॅक्रिलिकच्या दुहेरी खिडक्या असतात ही गोष्ट खरी. हलक्या असतात, उष्णताही कमी येऊ देतात. पण अ‍ॅक्रिलिक उष्णतेने काचेच्या सात-आठ पट प्रसरण पावते : एक मीटर लांबीचा तुकडा ३० अंशांच्या फरकाने दोन मिलिमीटरच्या आसपास वाढतो, काच पाव मिलिमीटरच्या आसपास. घट्ट चॅनेलमध्ये तो मे महिन्यात अडकणार. शिवाय मखमलीत धूळ बसली की ओरखडे, आणि चुकून थिनरने पुसले की बारीक चिरा. वरच्या बिजागरीवर उघडणाऱ्या खिडकीला ते शोभते, आमच्या सरकत्या खिडकीला नाही.

काच मात्र टफनच हवी. मोटार वाहन नियमांत सुरक्षा काच सांगितली आहे, आणि बाजूच्या काचेतून निदान ५० टक्के, पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. काळ्या फिल्मला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच मनाई केली. म्हणून ऊन टाळायला आम्ही आत कापडी पडदे ठेवले आहेत.

टफन काच कशी होते हे कळले असते तर माझे ७८७ रुपये ५० पैसे वाचले असते. साधी काच आधी मापाने कापतात, कडा घासतात, मग भट्टीत ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोताने झपाट्याने थंड करतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागाहून आकसू पाहतो. त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो. म्हणूनच ती मजबूत, आणि फुटली तर बारीक खड्यांसारखी फुटते. पण याच कारणाने भट्टीतून निघाल्यावर तिला कापता येत नाही, कडेने तासताही येत नाही. पृष्ठभागाचा थर भेदला की सगळा ताण एकदम सुटतो.

आणि माप चुकले ते माझे. सरकती काच आधी वरच्या खाचेत पूर्ण वर ढकलतात, मग तिचा तळ खालच्या खाचेत सोडतात. म्हणून वरची खाच खोल असते. आमच्या चौकटीत चॅनेल बसवल्यावर वरच्या व खालच्या ओठांमधले अंतर ३९६ मिलिमीटर, वरची खाच २२, खालची १०. मी तिन्हींची बेरीज केली, ४२८. ‘सैलपणा’ म्हणून ७ वजा केले आणि ४२१ उंचीच्या दोन काचा करून आणल्या. काच आत जाईना. तळ खालच्या ओठावरून जायचा तर उंची ३९६ अधिक २२, म्हणजे ४१८ च्या आतच हवी. आणि खाली सोडल्यावर वरची कड खाचेतच राहायची तर ३९६ अधिक १०, म्हणजे ४०६ पेक्षा बरीच जास्त हवी. आम्ही ४१५ ठरवली : उचलायला ३ मिलिमीटर मोकळीक, वर ९ मिलिमीटर पकड. शाळेत असली गणिते घातली असती तर मी कदाचित विज्ञान शाखेला गेलो असतो.

उरलेल्या काचांना मी पुठ्ठ्याचे साचे केले. चौकट चौरस दिसते, पण दोन्ही कर्ण मोजले तर एकीत ६ मिलिमीटरचा फरक निघाला. साचा आधी चॅनेलमध्ये घालून, सरकवून, मगच दुकानात. दुकानदार काचेचे माप तीन-तीन इंचांच्या पुढच्या टप्प्याला धरतो : आमची १९ बाय साडेसोळा इंचांची काच बिलात २१ बाय १८ होते. ही त्या धंद्याची रीतच आहे, भांडून उपयोग नाही.

मागच्या दारांचे रबर मीटरवर मिळाले. दुकानदाराला जुन्या रबराचा दोन इंच तुकडा दाखवला. त्याने पाच नमुने काढले, एक जुळला. ईपीडीएम रबर घ्यावे, ऊन-पावसात ते लवकर तडकत नाही. तोडताना मीटरमागे सेंटिमीटरभर जास्त ठेवावे, कारण रबर आकसते. आणि सांधा वरच्या बाजूला मध्यावर आणावा, खाली कधीही नको. बसवण्याची युक्ती फारच गमतीची. रबर आधी काचेभोवती चढवतात. पत्र्याच्या खाचेत सुतळी गुंडाळून तिची टोके आत सोडतात, वर साबणाचे पाणी. एकाने बाहेरून काच तळहाताने दाबायची, दुसऱ्याने आतून सुतळी ओढायची. तसतसा रबराचा ओठ पत्र्यावर उलटत जातो. पहिली काच बसायला पाऊण तास लागला, दुसरी दहा मिनिटांत.

सडलेला पत्रा कापून नवा जोडण्याचे काम अर्थातच वेल्डिंगवाल्याने केले. नुसती लांबी भरून रंग देता आला असता, पण पुढच्या पावसाळ्यात ती खपल्यांसारखी सुटली असती.

हिशेब असा : काचा चौदा (वाया गेलेल्या दोन धरून) ५,५१२.५०; मागचे रबर ८१०; चपटी पट्टी १,०२०; चॅनेल १,५४०; पत्रेकाम ४,५००; कॅच ५४०; रंग, स्क्रू वगैरे १,३६०; कोल्हापूरच्या फेऱ्या १,१००. एकूण १६,३८२ रुपये ५० पैसे. माझा पहिला अंदाज ११,००० होता. काकांची आणि माझी मजुरी यात धरलेली नाही. आमच्या सरांनी हा हिशेब पाहून त्यावर लाल शाईने ‘अपूर्ण’ असे लिहिले, आणि ते बरोबर आहे. बारा दिवस, रोज चार तास, माणसे दोन. ती मजुरी बाजारभावाने धरली तर मी वीस हजारांच्या पुढे गेलो हे मला मान्य आहे. काकांना मात्र अजून सांगितलेले नाही. या अंकाच्या कन्नड विभागात लिहिणारा माझा मित्र त्यांच्या दुकानात नेहमी जातो. त्याला गप्प राहण्याची विनंती केली आहे.

भंगारवाल्याचा इसार परत केला. पाण्याची परीक्षा आम्ही नळी लावून खालून वर घेतली : आधी खालची पट्टी, मग बाजू, शेवटी वरची कड. उलट क्रमाने घेतली तर वरून ओघळलेले पाणी कुठून शिरले ते कळत नाही. काका आत बॅटरी घेऊन, मी बाहेर. पाणी खालच्या भोकांतून बाहेर टपकू लागले तेव्हा आजी दारात येऊन उभी राहिली होती.

२०२४ ची आषाढी एकादशी १७ जुलैला होती. निपाणी सोडल्यापासून मिरजेपर्यंत पाऊस होता. आजी रात्रभर उजवीकडच्या फळीवर झोपली. सकाळी मी अंथरूण हाताने चाचपून पाहिले, कोरडे होते. वाया गेलेल्या दोन काचा तिने स्वयंपाकघरातल्या फडताळात लोणच्याच्या बरण्यांखाली घातल्या आहेत. तिसऱ्या खिडकीचा कॅच अजून नीट लागत नाही. त्याचे माप घेऊन ठेवले आहे.