खाडीवरची सहल: आधी भरती बघा, मग बस ठरवा



सहल ठरवताना आपण आधी काय बघतो? बस कधी मिळते, शनिवार मोकळा आहे का, जेवणाची सोय काय. मीही तेच केलं होतं. चौथीच्या वर्गाला ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात नेलं आणि तिथून बोटीने ठाणे खाडीतले फ्लेमिंगो दाखवायचं ठरवलं. सकाळी दहाला पोहोचलो तेव्हा खाडीचं पाणी पार उतरलेलं होतं. बोट दुपारनंतरच सुटणार होती आणि आमची बस एकला परत निघणार होती. मुलांनी लांबवर पसरलेला चिखल बघितला. एक जण म्हणाला, "बाई, हे तर गटार आहे!" मला काही उत्तर सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गातल्या एका मुलीची आजी तिला सोडायला आली होती. घर कोळ्यांचं. आजी हसल्या आणि म्हणाल्या, "बाई, खाडीवर जायचं तर आधी तिथी बघावी ना!" त्यांनी शाळेच्या दारातच मला हिशोब सांगितला. पुढच्या वर्षी त्याच हिशोबावर आमची सहल उभी राहिली.

तिथीची पाऊणपट

हिशोब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. येईल तो आकडा म्हणजे साधारण पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. अमावास्येलाही पंधराच धरायचे. दिवसात भरती दोनदा येते, साधारण साडेबारा तासांच्या अंतराने, आणि रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते.

आमची फसलेली सहल षष्ठीला होती. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे भरती साडेचारला आणि ओहोटी सकाळी सव्वादहाच्या सुमारास. आम्ही बरोबर ओहोटीला पोहोचलो होतो!

हा फक्त अंदाज आहे बरं का. प्रत्यक्ष वेळ अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते आणि खाडीत आत पाणी जरा उशिरा चढतं. त्यामुळे पक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघायची आणि केंद्रात फोन करून बोटीची वेळ विचारायची.

मुलांनाच ठरवू द्या

या वेळी मी वर्गात कॅलेंडर लावलं आणि मुलांना एवढंच सांगितलं: आपण नऊला पोहोचणार, एकला निघणार, दिवस तुम्ही शोधा. पूर्वी पाढ्यांबरोबर पाऊणकी पाठ करायचे, ती इथे कामाला आली. गटागटाने तक्ता झाला: त्रयोदशी पावणेदहा, चतुर्दशी साडेदहा, पंधरावी तिथी सव्वाअकरा. "मग चौदस घेऊ, बाई, उशीर झाला तरी चालेल." हे मुलांनी ठरवलं. अपूर्णांकाचा असा तास माझ्याकडून आधी कधी झाला नव्हता.

महिना मात्र मी निवडला. फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी, साधारण नोव्हेंबर ते मे इथे असतात. पण मार्चनंतर ऊन सोसत नाही आणि परीक्षाही येतात. जानेवारी-फेब्रुवारी बरा.

जाण्याआधी वर्गात

ठाणे खाडीचा हा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत आला. क्षेत्र साधारण १७ चौरस किलोमीटर. त्यातला निम्म्याहून जास्त भाग कांदळवनाचा. एवढी माहिती पुरे. त्यापेक्षा शोधायच्या गोष्टींची यादी द्या:

- चिखलातून वर आलेली तिवराची मुळं. चिखलात हवा कमी, म्हणून ती वर येऊन श्वास घेतात.
- तिवराच्या पानावरचं मीठ. झाड खारं पाणी घेतं आणि जादा मीठ पानांवाटे टाकतं.
- एकच डेंगा मोठा असलेला नर खेकडा.
- चिखलावर उड्या मारणारा निवटी मासा.
- मोठा रोहित फिकट, चोच गुलाबी आणि टोकाला काळी. छोटा रोहित जास्त गुलाबी, चोच गडद. त्यांचा गुलाबी रंग शेवाळ आणि बारीक जीव खाऊन येतो.

सोबतची तयारी

बोटीचं आरक्षण आधी करा. एका बोटीत किती मुलं बसतात ते विचारून गट पाडा. दहा मुलांमागे एक मोठं माणूस आम्ही ठेवलं. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कोणीही बोटीत पाय ठेवायचा नाही, शिक्षकांनीसुद्धा. पालकांचं संमतीपत्र, मुख्याध्यापकांची परवानगी, प्रथमोपचार पेटी, टोपी, पाणी हे आहेच. बोटीबाहेर हात नाही, आरडाओरडा नाही. थवा घाबरून उडाला तर फोटो छान येतो, पण पक्ष्यांचं खाणं थांबतं. हे मुलांना आधीच समजावलं तर ती ऐकतात.

काय झालं?

फ्लेमिंगो दिसले, पण लांबून. काही मुलं हिरमुसली. पण गेल्या वर्षीच्या त्याच जागी आता पाणी भरलेलं होतं. काठावर चिखलाची एक पट्टी उरली होती आणि तिथे पक्षी माना खाली घालून चरत होते. एका मुलीने विचारलं, "बाई, हा चिखल म्हणजे यांचं ताट का?"

'गटार' म्हणणारा मुलगा आता पाचवीत आहे. त्याला मी चिखल नीट दाखवू शकले नाही, याची रुखरुख आहे. तुमच्या वर्गाचं तसं होऊ नये म्हणून हे लिहिलं. खाडीवर, समुद्रावर कुठेही सहल न्या, बसवाल्याला फोन करण्याआधी कॅलेंडर उघडा. आणि वर्गात कोळ्यांचं मूल असेल तर त्याच्या आजी-आजोबांना एक दिवस शाळेत बोलवा.