थेंबावर थेंब : निरीक्षणाचा एक पाठ

परातीतील पाण्यावर लागोपाठ दोन थेंब पाडले असता पहिला थेंब खळगा पाडतो. खळगा भरून येताना मधून पाण्याचा बारीक स्तंभ उसळतो. त्याच्या माथ्यावर दुसरा थेंब आपटला, की क्षणभर पाण्याची छत्री उघडते. पापणी लवते न लवते तोच सारे संपते.

मोबाईलच्या मंदगती चित्रणात ही छत्री सापडते. सलाइनच्या नव्या नळीचे चाक फिरवून थेंब भराभर सोडावेत. मोबाईल पुस्तकांच्या चळतीवर टेकवावा, व थेंब पडतो तेथे पेन्सिल धरून दृश्य आधीच स्पष्ट करून घ्यावे. प्रकाश उन्हाचाच हवा. वीतभर उंचीवरून पडणारा थेंब सेकंदाला सुमारे २ मीटर वेग घेतो. सेकंदाला २४० चित्रे घेतली, तरी दोन चित्रांमध्ये तो ८ मिलिमीटर सरकतो. तेव्हा दहा वेळा फसल्यास शिक्षकांनी खट्टू होऊ नये.

इंग्लंडमधील वर्दिंग्टन हे शास्त्रज्ञ थेंबाचे उसळणे ठिणगीच्या उजेडात पाहून हाताने रेखाटीत. ती चित्रे सर्व बाजूंनी सारखी, रेखीव येत. १८९४ साली छायाचित्रे निघाली, तेव्हा कडा वेड्यावाकड्या आढळल्या. डोळ्यांनी पाहिले त्यात मनाने भर घातली होती!

म्हणून मुलांकडून पहिले चित्र नुसत्या डोळ्यांनी पाहून काढवून घ्यावे, दुसरे मोबाईल दाखवून. एखाद्याची छत्री एका बाजूस फाटकी असली, तर ती खोडून गोल करावयास सांगू नये.