हृदयासाठी चूर्ण घ्यावे की भाकरी?

हृदयविकार टाळण्यासाठी वनस्पतींची चूर्णे, गोळ्या व काढे आज सर्वत्र विकले जातात. आपल्या पिंपळवंडीसारख्या गावातही रक्तदाबाची गोळी सोडून चूर्ण सुरू करण्याचा मोह होतो. हे योग्य आहे काय, याचा विचार आपण या पाठात करू.

प्रथम आतड्याकडे पाहू. मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. धान्याचा कोंडा, कडधान्ये व भाज्या यांतील जो चोथा आपल्याला पचत नाही, त्यावर ते जगतात. त्यापासून ते ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात. या आम्लांनी आतड्याच्या अस्तराचे पोषण होते. उलट, तांबडे मांस व अंडी यांतील काही घटकांपासून हेच जिवाणू एक द्रव्य बनवतात व यकृतात त्याचे 'टीएमएओ' होते. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉ. स्टॅन्ले हेझेन यांच्या गटाने २०११ व २०१३ साली दाखवून दिले, की ज्यांच्या रक्तात हे द्रव्य जास्त, त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळते.

आता तीन वनस्पती तपासू.

१) इसबगोल : याचा भुसा पाण्यात फुगून बुळबुळीत होतो व आतड्यातील पित्ताम्ले धरून ठेवतो. नवे पित्त बनवण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल वापरते. त्यामुळे कोलेस्टेरॉल थोडे उतरते. मात्र भुसा भरपूर पाण्याबरोबरच घ्यावा.

२) गुग्गुळ : लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने यावर मोठे काम केले. परंतु २००३ साली अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवडे चाचणी झाली, तेव्हा घातक कोलेस्टेरॉल घटण्याऐवजी थोडे वाढले. काहींच्या अंगावर पुरळही उठले.

३) हिरडा : जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम डोंगरपट्ट्यात आदिवासी बांधव बाळहिरडा गोळा करतात. विनयपिटकाच्या महावग्गात भिक्खूंना औषध म्हणून अनुज्ञा दिलेल्या फळांत हिरडा, बेहडा व आवळा यांचा उल्लेख आहे. हिरड्यातील तुरट द्रव्यांपासून आतड्यातील जिवाणू 'युरोलिथिन' बनवतात. परंतु ते जिवाणू प्रत्येकात सारखे नसतात. म्हणून एकाला मानवलेले चूर्ण दुसऱ्याला तसेच लागू पडेल असे नाही. हिरड्याने हृदयविकार टळतो, हे मोठ्या चाचण्यांनी सिद्ध झालेले नाही.

यावरून काय शिकावे? 'वनस्पतीचे आहे, म्हणजे अपाय नाही' हा समज खरा नव्हे. बाजरी-ज्वारीची भाकरी, हुलगा, मटकी, पालेभाजी हे जिवाणूंचे रोजचे अन्न होय आणि ते आपल्या घरातच आहे. मीठ कमी करावे, तंबाखू व मिश्री सोडावी. चूर्ण घ्यायचेच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्यावे, पण त्यासाठी रक्तदाबाची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. गोळी बंद केल्यावर रक्तदाब वाढतो, तो बहुधा जाणवत नाही आणि कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

विद्यार्थ्यांसाठी : घरातील एका दिवसाचे जेवण वहीत लिहा. त्यात चोथा असलेले पदार्थ किती, ते मोजा. घरात कोणी गोळी सोडून चूर्ण घेत असेल, तर हा पाठ त्यांना वाचून दाखवा.