हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

एखादे गाव किती दूर आहे असे विचारले, तर आपण पुष्कळदा ‘दोन तासांवर आहे’ असे उत्तर देतो. अंतर आणि वेळ आपल्या बोलण्यात इतके एकरूप झाले आहेत. दूरच्या विमानप्रवासात मात्र त्यांचा वेगवेगळा विचार करावा लागतो. दिल्ली आणि अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को या शहरांच्या उदाहरणावरून हे समजून घेऊ.

अंतर

या दोन शहरांमधील सर्वांत कमी अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर आहे. सपाट नकाशावर ही वाट पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे जात असावी असे वाटते; पण पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिल्यास ती उत्तर ध्रुवप्रदेशातून जाते, हे लक्षात येईल.

विमाने नेहमी याच वाटेने जातात असे नाही. एअर इंडियाचे विमान पूर्वी अटलांटिक महासागरावरून सॅन फ्रान्सिस्कोला जात असे. तो मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आले. हा मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे १,४०० किलोमीटरने लांब होता. तरीही प्रवास सुमारे साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर संपला.

वारा

असे कसे झाले? विमाने ज्या उंचीवरून उडतात, तेथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांना ‘जेट प्रवाह’ म्हणतात. नदीच्या प्रवाहाबरोबर जाणारी नाव जशी लवकर पोहोचते, तसेच येथेही घडते. ताशी ९०० किलोमीटर वेगाच्या विमानाला ताशी १०० किलोमीटरचा वारा मागून मिळाला, तर जमिनीच्या संदर्भात त्याचा वेग १,००० होतो. तोच वारा समोरून आला, तर वेग ८०० उरतो.

घड्याळ

आता तिकिटावरील वेळा पाहू. त्या नेहमी त्या त्या ठिकाणच्या स्थानिक वेळा असतात. ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ भारताच्या साडेबारा तास मागे असते. समजा, विमान रविवारी पहाटे ४ वाजता दिल्लीहून निघाले आणि साडेचौदा तासांनी पोहोचले. त्या वेळी दिल्लीत रविवारचे सायंकाळचे साडेसहा वाजलेले असतील. पण सॅन फ्रान्सिस्कोत रविवारची सकाळ असेल आणि ६ वाजलेले असतील. केवळ तिकीट पाहणाऱ्यास प्रवास दोनच तासांचा वाटेल!

म्हणून दोन्ही वेळा आधी एकाच घड्याळात मांडाव्यात आणि मगच वजाबाकी करावी. ठरावीक तासांनी औषध घेणाऱ्या प्रवाशासाठी तर ही काळजी फार महत्त्वाची आहे. घड्याळाचे काटे मागे गेले, तरी शरीराने सोसलेले तास कमी होत नाहीत. अशा प्रवाशाने निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून औषधाच्या वेळा ठरवून घ्याव्यात.

पाठगत प्रश्न

१. लांबचा मार्ग कमी वेळात पूर्ण होण्याचे कारण तुमच्या शब्दांत लिहा.

२. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ भारताच्या साडेतेरा तास मागे असते. वरील उदाहरणातील विमान तेव्हा तेथील किती वाजता पोहोचेल?