आधी पत्रा, मग पडदा

पोरी, तिकडे अमेरिकेत गॅरेज रिकामं करून त्यात विमान बांधायला घेते आहेस, याचं कौतुक आहेच. पण ‘मामा, कॅड कुठलं शिकू?’ हा तुझा प्रश्न अर्धाच आहे. आमच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसिंग पेपरच्या काळापासून एक रीत होती. शॉपमधल्या माणसाच्या हातात शेवटी काय पडणार ते आधी विचारायचं, पेन्सिल नंतर उचलायची. विमान कशाचं आहे आणि त्याचे भाग कोण, कशाने कापणार, एवढं ठरलं की सॉफ्टवेअरची निम्मी नावं आपोआप गळतात. उरलेल्यांतून निवड कशी करायची, ते सांगतो.

प्लॅन्स विकत घेतले असतील तर सगळं विमान पुन्हा काढत बसू नकोस.

बर्नार्ड पिटेनपोल यांचं एअर कॅम्पर १९२९ मध्ये फोर्ड मोटारीच्या इंजिनावर उडालं. बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझीचे प्लॅन्स १९८० मध्ये विक्रीला आले, तेही हाताने काढलेले, पूर्ण मापाच्या टेम्प्लेटसह. ही विमानं लोकांनी कॉम्प्युटरशिवाय बांधली आणि उडवली. म्हणून प्लॅन्समध्ये जे आहे ते कागदावरूनच बांध. कॅड लागेल ते प्लॅन्समध्ये नसलेल्या गोष्टींना: इन्स्ट्रुमेंट पॅनल, रेडिओचा ब्रॅकेट, रिब ठोकायचे फॉर्मब्लॉक, जोडणीचे जिग. एवढ्यासाठी महागडं पॅकेज नको, आणि शिकण्यात वर्ष तर मुळीच घालवायला नको. सगळं विमान पडद्यावर पुरं करून मग पत्रा आणू म्हणणाऱ्यांचा पत्रा बहुधा दुकानातच राहतो.

सामान पाहून सॉफ्टवेअर निवड.

लाकडी विमान असेल तर फळीवर पूर्ण मापाची रिब काढायची आणि तिच्यावर पट्ट्या चिकटवायच्या. त्याला द्विमितीय ड्रॉइंग पुरतं. लिब्रेकॅड किंवा क्यूकॅड घे, थोड्या दिवसांत हात बसेल. फोम गरम तारेने कापून वर फायबरग्लास चढवायचा असेल तर प्रत्येक ठोकळ्याच्या दोन टोकांची टेम्प्लेट लागतात, म्हणजे तेही द्विमितीय कामच. साचे काढून काँपोझिटची गोलाईदार बॉडी करायची असेल तर मात्र ऱ्हायनो पाहा. वक्र पृष्ठभाग ही त्याची खासियत. ४१३० स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा असेल तर नळीवर गुंडाळायचा, तोंड कुठे कापायचं ते दाखवणारा कागद ज्यातून निघेल ते घे. आणि ॲल्युमिनियमचा पत्रा असेल, तू म्हणतेस तसा, तर पहिला प्रश्न एकच विचार: यात शीट मेटलची सोय आहे का, आणि वाकवलेला भाग सपाट उलगडून देता येतो का?

ती सोय फ्यूजनमध्ये आहे, ऑनशेपमध्ये आहे, सॉलिडवर्क्समध्ये आहे. फ्रीकॅडमध्ये तिचं वेगळं वर्कबेंच वरून जोडून घ्यावं लागतं. स्केचअप शिकायला सगळ्यांत सोपं वाटेल, पण त्यात काढलेलं वर्तुळ मुळात २४ बाजूंचं असतं. गॅरेजातल्या कपाटाला ते चालेल. रिबच्या नाकाला चालणार नाही. ब्लेंडरचंही तेच. चित्र सुंदर येतं, पण मापात कापायला देता येत नाही.

सपाट पट्टीचं माप स्वतः काढून बघ, मगच सॉफ्टवेअरवर भरवसा ठेव.

समज, ०.८ मि.मी. जाडीचा २०२४-टी३ ॲल्युमिनियमचा पत्रा आहे. हा कडक पत्रा फार टोकदार वाकवला तर वळणावर चिरतो, म्हणून आतली त्रिज्या जाडीच्या तिप्पट, २.४ मि.मी. धर. काटकोनी अँगल हवा आहे, दोन्ही बाजू बाहेरून २० मि.मी. नवशिका ४० मि.मी.ची पट्टी कापतो. प्रत्यक्षात वळणात जाणारा पत्रा म्हणजे त्रिज्येत के-फॅक्टर गुणिले जाडी मिळवायची आणि १.५७ ने गुणायचं. के-फॅक्टर, म्हणजे वळणात न ताणणारा न दबणारा थर जाडीच्या कितव्या भागावर आहे तो आकडा, ०.४४ धरला तर ते ४.३ मि.मी. येतं. दोन्ही बाजूंचे सरळ भाग १६.८ - १६.८. बेरीज ३७.९. चाळीस आणि अडतीसमध्ये दोनच मि.मी.चा फरक, पण ३.२ मि.मी.च्या रिव्हेटचं भोक कडेपासून निदान दोन व्यास, म्हणजे ६.४ मि.मी. आत हवं. दोन मि.मी. चुकलं तर ते अंतर तिथेच संपलं आणि भाग भंगारात गेला.

सॉफ्टवेअर हा हिशेब क्षणात करतं, पण के-फॅक्टर त्याला तू द्यायचा असतो. सॉफ्टवेअरमध्ये आधीच भरलेला आकडा तसाच ठेवू नकोस. तुझ्याच पत्र्याची पट्टी तुझ्याच बेंडिंग मशीनवर वाकव, व्हर्नियरने मोज, आणि मग आकडा भर. हा आकडा जिथे सहज सापडतो आणि बदलता येतो, ते सॉफ्टवेअर नवशिक्याचं.

विंगचा छेद आणायला जमतो का, ते लगेच तपास.

एअरफॉइल म्हणजे बिंदूंची यादी. नाका २४१२ (NACA 2412) हा छेद घे, सेसना १७२ मुळे ओळखीचा आहे. पहिला आकडा कॅम्बर २ टक्के, दुसरा तो कॉर्डच्या ४० टक्क्यांवर, शेवटचे दोन जाडी १२ टक्के. इलिनॉय विद्यापीठाच्या संग्रहात असे शेकडो छेद बिंदूंच्या रूपात फुकट मिळतात. ही यादी सॉफ्टवेअरने एका आज्ञेत आत घ्यावी आणि त्यातून गुळगुळीत रेषा जावी. रेषेत कुठे लाट दिसली तर बिंदू वाढवू नकोस, लाट आणणारा बिंदू शोध.

इथे दोन खाचा आहेत. पहिली: ते बिंदू हवेला लागणाऱ्या बाहेरच्या पृष्ठभागाचे असतात. रिब त्याच मापाची कापलीस आणि वर स्किन बसवलीस तर विंग स्किनच्या जाडीने फुगते. म्हणून रेषा तेवढी आत घ्यायची. दुसरी: या छेदाच्या मूळ सूत्रात मागची कडा शून्य जाडीची नसते. १२०० मि.मी. कॉर्डला ती सुमारे ३ मि.मी. येते. सॉफ्टवेअरने तिथे रेषा उघडी सोडली तर घाबरू नकोस. छोटी उभी रेष मारून बंद कर.

फुकटाच्या अटी आधी वाच.

ऑनशेप ब्राउझरमध्ये चालतं, जुन्या लॅपटॉपवरही, आणि शिकायला सरळ आहे. पण मोफत खात्यातलं काम सगळ्या जगाला दिसतं. घरगुती ब्रॅकेटला हरकत नाही, विकत घेतलेल्या प्लॅन्सची नक्कल मात्र त्यात ठेवायची नाही. ती दुसऱ्याची मेहनत आहे. फ्यूजनचा वैयक्तिक परवाना मोफत आहे, पण एका वेळी दहाच फाइली बदलण्यासाठी उघड्या ठेवता येतात, आणि २०२० मध्ये कंपनीने त्यातल्या बऱ्याच सोयी काढून घेतल्या. सॉलिडवर्क्सची मेकर्ससाठीची स्वस्त आवृत्ती आहे, पण तिच्या फाइली धंद्याच्या आवृत्तीत उघडत नाहीत. तू ईएए या हौशी विमान बांधणाऱ्यांच्या संस्थेची सभासद आहेस, तर त्या सभासदत्वावर सॉलिडवर्क्सची आज काय सोय आहे ते विचारून घे. फ्रीकॅड कायमचं मोफत, फाइली तुझ्याच मशीनवर. पूर्वी मागचं स्केच बदललं की पुढचं सगळं मोडायचं. नोव्हेंबर २०२४ च्या १.० आवृत्तीत ते बरंच सुधारलं. तरी शिकायला ते इतरांपेक्षा जास्त दिवस मागतं.

काहीही निवड, प्रत्येक पुरा झालेला भाग स्टेपमध्ये आणि सपाट पट्टी डीएक्सएफमध्ये काढून ठेव. विमान बांधायला वर्षं लागतात. तेवढ्यात परवाना बदलतो, कंपनी विकली जाते. एसटीएल मात्र थ्रीडी प्रिंटरपुरतंच, त्यात खरा वक्र उरत नाही.

इंच आणि मि.मी. एका ताटात वाढू नकोस.

तुझे प्लॅन्स इंचात, बोल्ट इंचात: एएन३ म्हणजे ३/१६, एएन४ म्हणजे पाव इंच. मग फाइलही इंचातच ठेव. लेझरवाल्याला डीएक्सएफ देताना एकक तोंडी सांग आणि लिहूनही दे. कागदावर टेम्प्लेट छापताना कोपऱ्यात आडवी आणि उभी अशा दोन ठरावीक लांबीच्या रेषा काढ आणि छापल्यावर पोलादी पट्टीने मोज. प्रिंटर एका दिशेला ताणतो आणि दुसरीकडे नाही, म्हणून दोन्ही.

कॅड आकार सांगतं, ताकद सांगत नाही.

पडद्यावर रंगीत स्ट्रेसचं चित्र आलं म्हणून स्पार पातळ करू नकोस. प्लॅन्समधला स्पार डिझाइनरचा, त्याला हात लावायचा तर त्यालाच विचारून. स्वतःचं डिझाइन करायची हौस आली तर नासाचं ओपनव्हीएसपी आणि एक्सएफएलआर५ मोफत आहेत. आकार आणि हवेचं गणित तिथे, भाग कॅडमध्ये. पण तो रस्ता लांबचा आहे. आपल्या कांदिवलीत अमोल यादवांनी गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ मध्ये मुंबईतल्या मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. त्याची नोंदणी झाली २०१७ मध्ये. ताकदीला नाही, तरी कॅडचा खरा उपयोग वजनाला होतो. प्रत्येक भागाला सामान नेमून दे (२०२४ पत्र्याची घनता २.७८, स्टीलची ७.८५ ग्रॅम प्रति घन सें.मी.), म्हणजे त्या ब्रॅकेटने किती ग्रॅम वाढले आणि सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी किती सरकली ते पत्रा कापण्याआधी कळेल.

आता निवड. दोनच सॉफ्टवेअर घे, तीन नको. दोन्हीत एकच भाग काढ: एक रिब, फ्लँजसहित, वजन कमी करणारी तीन भोकं, रिव्हेटच्या खुणा. सपाट पट्टी काढ, डीएक्सएफ दे, स्वस्त पत्र्यात कापून वाकव आणि मोज. मग फ्लँज जराशी वाढव आणि बघ कुठलं सॉफ्टवेअर न मोडता बदल पचवतं. विमानात बदल रोजचेच असतात. जिथे तो बदल तुला कुणाला न विचारता करता आला, ते तुझं. निवडलंस की विमान उडेपर्यंत दुसऱ्याचं नाव काढू नकोस. मला फोन केलास तर सॉफ्टवेअरचं विचारू नकोस, कुठली रिब झाली ते सांग.