गिनीपिगची सर्दी अंगावर काढू नका

प्रश्न : आमचा दोन वर्षांचा गिनीपिग दोन दिवसांपासून शिंकतोय, नाकातून पाणी येतंय, खाणंही कमी झालंय. घरात कुत्र्यासाठी आणलेलं अँटिबायोटिक आहे. ते थोडं देऊ का? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : अजिबात देऊ नका. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधं तोंडावाटे दिली, तर गिनीपिगच्या आतड्यातले उपयुक्त जिवाणू मरतात आणि जीवही जाऊ शकतो. खाणं कमी झालंय, म्हणून आजच लहान प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांकडे न्या. परळचं बाई साकरबाई रुग्णालय किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालय इथेही फोन करून चौकशी करता येईल. तोंड उघडून श्वास घेत असेल किंवा कुशी जोरात हलत असतील, तर तासभरही थांबू नका.

बोर्डेटेला हा जिवाणू कुत्र्याला फारसा त्रास न देता त्याच्याकडून गिनीपिगला लागू शकतो, त्यामुळे दोघांना वेगळं ठेवा. पावसाळ्यात पिंजऱ्यातलं ओलं अंथरूण रोज बदला; लघवीच्या अमोनियाने श्वासनलिका चुरचुरते. पंख्याचा, एसीचा थेट झोत नको. अगरबत्ती, मच्छर कॉइलही दूर ठेवा.

सुकं गवत सतत समोर हवं. क जीवनसत्त्व त्याच्या शरीरात तयार होत नाही. आजारपणात ते रोज किती द्यायचं, हे डॉक्टरांना विचारा. ढोबळी मिरची, कोथिंबीर द्या. खात नसेल, तर भिजवलेल्या पेलेटची पातळ पेज बिनसुईच्या सिरिंजने, ओठाच्या कडेने, थोडी थोडी भरवा. उताणं धरून भरवू नका. रोज वजन करा आणि औषधाचा कोर्स पूर्ण करा.